लिंकची वेणी: पहिल्या झेल्डाच्या पॅचचं काम कुठवर आलं

मंडळी, वेणी बसली आणि आता ती हलतेसुद्धा! निन्टेंडोच्या 1986 च्या पहिल्या झेल्डा व्हिडिओ गेममध्ये नायक लिंक वरच्या दिशेला चालताना एकच चित्र उलटसुलट आरशासारखं दाखवलंय, त्यामुळे वेणी मध्यापासून जराशी बाजूला काढली की दर पावलाला आपोआप झुलते. जागा वाचवण्यासाठी केलेली तेव्हाची काटकसर आपल्या पथ्यावर पडली.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: पॅच म्हणजे मूळ गेममध्ये बदल करणारी छोटी फाइल, आणि माझा पॅच लिंकला मुलगी करतो. हे चाललंय भाचीसाठी. ती पंचवटीतून रविवारी आमच्याकडे गंगापूर रोडला येते आणि "मामा, लिंकला मुलगी कर ना" एवढंच टुमणं लावते. वेगळी नायिका तिला नको. मलाही नकोच. हायरूल वॉरियर्स लेजेंड्स या गेममध्ये लिंकसारखीच मुलगी लिंकल आली, 2024 च्या एकोज ऑफ विस्डममध्ये खुद्द राजकन्या झेल्डा घेऊन खेळता आलं. दोन्ही चांगलंच झालं, पण लिंक होता तिथेच राहिला.

पहिलाच गेम का निवडला? मजकुरामुळे. विंड वेकर या नंतरच्या झेल्डा गेममध्ये बेटावरची माणसं लिंकला सतत मुलगा म्हणून बोलावतात. 2012 मध्ये कॅनडातल्या एका बापाने लेकीसाठी ते सगळं हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे कच्चे आकडे बदलायच्या प्रोग्राममध्ये) बदललं, तेही मूळच्या इतकीच अक्षरं ठेवून. 'माय लॅड'च्या जागी इंग्रजीत तेवढ्याच सहा घरांत बसणारं 'मिलेडी'! त्या चिकाटीला दंडवत. पहिल्या झेल्डात ही कटकटच नाही. गुहेतला म्हातारा तलवार देतो, शेवटी लिंकला 'हीरो' म्हणून आभार मानतात, पण तो मुलगा असल्याचं पडद्यावर कुठे येत नाही. नावही आपणच टाकायचं, आठ अक्षरांपर्यंत. (भाचीने कौतुकाने झेल्डा टाकलं आणि थेट सेकंड क्वेस्टमध्ये, म्हणजे त्या नावाने उघडणाऱ्या अवघड दुसऱ्या फेरीत, जाऊन आपटली. पहिल्याच खोल्यांत मार खाऊन वर मलाच बोलली.)

म्हणजे सगळी लढाई पिक्सेलची. सोळा बाय सोळाची आकृती, तीन रंग आणि चौथा पारदर्शक. केसांचा तपकिरी तोच ढालीचा, त्यामुळे समोरून बट लांब काढली की ढालीत मिसळते. तिथे मध्ये त्वचेच्या रंगाची एक रेघ सोडलीय. मोठी जादूची ढाल घेतली की टाइल्स (चित्राचे छोटे तुकडे) वेगळ्या, म्हणून तीच डागडुजी तिथे पुन्हा. रिबन अंगरख्याच्या हिरव्यात काढली, आणि हे मला फार आवडलंय: निळी अंगठी मिळाली की अंगरख्याबरोबर रिबनही बदलते, लाल अंगठीने लाल होते.

गुलाबी अंगरख्याची सूचना दोघातिघांनी केली. नाही करणार. लिंक लांबूनही लिंकच दिसली पाहिजे. केसांसाठी जादा स्प्राइट (पडद्यावर हलणारं छोटं चित्र) जोडायची कल्पनाही बाद, कारण पडद्याच्या एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट चालतात आणि राक्षस जमले की लुकलुक आधीच भरपूर आहे.

इम्युलेटरवर (कॉम्प्युटरवर जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रामवर) टोकदार दिसणारी बट जुन्या डबा टीव्हीवर छान मऊ होते, म्हणून शेवटचा निकाल तिथेच लावतो. आपल्याकडच्या कॅसेटवाल्या पिढीने कॉन्ट्रा आणि मारिओ घासले, झेल्डा फारसा कुणाच्या हाती लागला नाही. त्यांच्याकडून चाचणी करून घ्यायला मजा येईल.

बाकी आहे ते तलवार खुपसतानाचं आडवं चित्र आणि ट्रायफोर्स (गेममधला जादूचा त्रिकोण) उचलतानाची पोज. तिथे हात वर गेल्यावर केसांना जागाच उरत नाही. कुणाला काही सुचलं तर टाइलचा फोटो पाठवा. ते जमलं की आयपीएस पॅच (फक्त बदलांची फाइल) देईन. रॉम, म्हणजे मूळ गेमची फाइल, मागू नका, तो आपापला.