फोटोवर कटर चालवताना

जुन्या फोटोंमधील माणसे, पान उघडताच उभी राहतील अशी पॉप-अप दृश्ये मी कागदातून तयार करते. ती पाहणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: आपल्याच माणसांच्या फोटोवर कटर चालवायला हात धजावतो कसा? तुम्हीही विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूळ फोटो मी कधीच कापत नाही. तो ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके), आणि आकार दुप्पट करायचा असेल तर ६०० डीपीआयला स्कॅन करून पुन्हा पाकिटात ठेवते. त्याच्या तीन प्रती १६० ते २०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजन असलेल्या) मॅट कागदावर छापून घेते, कारण चकचकीत फोटोपेपरचा वरचा थर घडीवर तडकतो आणि तडा नेमका चेहऱ्याजवळ गेला तर सगळी मेहनत वाया जाते.

तरीही हात थरथरतो, हे खरे आहे. सुरुवातीच्या काळात मी एक फोटो घेतला होता. त्यात आई खुर्चीत बसलेली आणि मागे उभ्या असलेल्या आजीचा हात तिच्या खांद्यावर. मी दोघींना वेगळे कापले, आईला पुढच्या थरात आणि आजीला मागच्या थरात उभे केले. दृश्याला खोली उत्तम आली, पण आईच्या खांद्यावर चार बोटे राहिली आणि मागे आजीचा हात मनगटापाशी संपला. कापली होती ती केवळ छापलेली प्रत, तरी त्या दिवशी मी पुढे काम करू शकले नाही. तेव्हापासून मी एक नियम पाळते: जिथे स्पर्श आहे तिथे कात्री लावायची नाही. त्या दोघी आता एकाच तुकड्यात उभ्या आहेत. खोलीसाठी खुर्चीचा हात पुढच्या थरात घेतला आणि खिडकी मागे नेली. फोटोत कोण कोणाला धरून आहे, कोण किंचित दूर सरकले आहे, हे मला इतक्या बारकाईने दिसू लागले ते कापायला बसल्यावरच.

उभे राहण्यामागचे गणित मात्र निष्ठुर आहे. खालचे पान आडवे आणि मागचे काटकोनात उभे धरले, तर चित्र मधल्या घडीपासून जितके पुढे चिकटवले असेल, तितक्याच लांबीची पट्टी त्याला मागच्या पानाशी जोडणारी हवी आणि ती दोन्हीकडे सारख्याच उंचीवर हवी. असा समांतरभुज चौकोन साधला तरच पान मिटताना सगळे सपाट पडते. चित्र घडीपासून ४ सें.मी. पुढे आणि ९ सें.मी. उंच असेल, तर मिटल्यावर त्याचे टोक घडीपासून १३ सें.मी.वर येते, पान १२ सें.मी.चे असेल तर डोके बाहेर डोकावणारच. त्यामुळे उंच माणसे घडीजवळ आणि लहान मुले पुढे ठेवावी लागतात. समूहचित्र घेताना फोटोग्राफरही आपल्याला असेच उभे करतो, हे लक्षात आले तेव्हा मला फार आनंद झाला.

थर रचून चित्राला खोली देण्याची कल्पना जुनीच आहे. अठराव्या शतकात जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे मार्टिन एंगेलब्रेख्त (१६८४–१७५६) कोरलेली चित्रे छापत असे. ती कापून एकामागे एक पेटीत बसवली की छोटा रंगमंच तयार होई. तिथे प्रत्येक थर त्याच कामासाठी रेखाटलेला असे. फोटोत ती सोय नसते, आणि खरा प्रश्न इथेच उभा राहतो: माणूस कापून पुढे आणला की त्याच्या मागे काय उरते? अखंड प्रत मागे लावली तर तोच माणूस दोनदा दिसतो, कापलेली लावली तर त्याच्या आकाराचे भोक दिसते.

समोरून पाहिले तर हे भोक झाकले जाते, म्हणून बरेच जण ते तसेच सोडतात. मला ते पटत नाही, कारण पॉप-अप हातात घेतलेला माणूस समोरून पाहून थांबत नाही, तो मान वाकवून बाजूने, माणसांच्या पाठीमागे पाहतो. म्हणून तिसऱ्या प्रतीतून मी त्याच भिंतीचे, त्याच पडद्याचे तुकडे कापते, कडा राखाडी पेन्सिलीने हलक्या रंगवते, म्हणजे कागदाची पांढरी रेघ दिसत नाही, आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने ते भोकावर बसवते. ओल्या गोंदाने कागद फुगतो. आई-आजीच्या दृश्यात खिडकीचा खालचा भाग दोघींमागे पूर्ण झाकलेला होता. त्याच खोलीत, त्याच काळात काढलेल्या दुसऱ्या एका फोटोत तो मला सापडला, आणि आता आजीच्या पाठीमागे वाकून पाहिले की खिडकीचा तळ आणि त्यावर ठेवलेला पितळी तांब्या दिसतो.