कोणता बटाटा जास्त निघतो? तुम्ही विचारलंत म्हणून

"काकू, यातला कोणता बटाटा जास्त निघतो?" थंडी पडली की आमच्या फाटकाशी थांबणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो. नाशिकजवळ मखमलाबादला आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. तिथे दर हिवाळ्यात मी बटाट्याच्या निरनिराळ्या जाती शेजारी शेजारी लावते, प्रत्येक सरीच्या तोंडाशी नावाची पाटी खोचते आणि काढणी झाली की तोलून वहीत लिहून ठेवते. फाटकाशी उभ्या उभ्या मी जे सांगते त्यानं विचारणाऱ्याचं समाधान होत नाही आणि माझंही होत नाही, म्हणून इथे नीट लिहिते.

नुसत्या वजनाचं विचाराल तर पुखराज. दुसऱ्या कुठल्या जातीनं आमच्याकडे त्याला मागे टाकलेलं नाही. चांगल्या रोपाखाली पाऊण किलो, कधी किलोभरही निघतो, तिथे शेजारच्या सरीतली ज्योती अर्ध्या किलोच्या आसपास थांबते. तरी माझ्या जागेत सगळ्यात जास्त सऱ्या ज्योतीच्या असतात. का, ते सांगायचं तर आधी नाशिकच्या रात्रींबद्दल बोलायला हवं.

बटाटा हे मूळ नव्हे, जमिनीखालचं खोड आहे. रोपाच्या बुडातून पांढरे धुमारे मातीत आडवे जातात आणि त्यांची टोकं फुगून बटाटे होतात. टोकं कधी फुगायची हे बरंचसं रात्रीच्या गारव्यावर ठरतं. रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली उतरलं की रोप अन्न खाली साठवू लागतं. रात्री उबदार राहिल्या तर वर पाला माजतो आणि खाली खणून बघावं तर हाती काही लागत नाही. आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारी रात्री छान गार असतात, निफाडकडे तर कडाकाच असतो. पण फेब्रुवारी अर्धा सरला की दुपारचं ऊन चटकायला लागतं. म्हणजे दिवाळीच्या सुमारास लावलेल्या बटाट्याला पोसायला जेमतेम तीन-साडेतीन महिने मिळतात. म्हणून जात निवडताना मी आधी तिचे दिवस बघते, वजन नंतर.

सिंदुरीचं घ्या. १९६७ ची ही जात, लाल सालीची, गोल, खोलगट डोळ्यांची, टिकायला चिवट. बिहारकडे तिला फार मान आहे. पण तिला ११० ते १२० दिवस लागतात. उत्तरेच्या लांब थंडीत ते तिला मिळतात. आमच्याकडे तिचे शेवटचे आठवडे उन्हात जातात, आणि नेमके त्याच आठवड्यांत बटाट्यांनी अंग धरायचं असतं. पाला हिरवागार दिसतो, खाली मात्र बारीक माल जास्त. काही जण माझी वही बघून म्हणतात, सिंदुरी वाईट. तसं नाही हो. ती नाशिकच्या थंडीत बसत नाही, एवढंच या वहीवरून म्हणता येतं.

ज्योती आणि चंद्रमुखी या दोन्ही १९६८ च्या. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या जातींच्या नावाआधी कुफरी लागतं, ते शिमल्याजवळच्या गावाचं नाव. आज पन्नास वर्षं उलटूनही या दोन जाती बाजारात टिकून आहेत, याचं मला खरंच कौतुक वाटतं. चंद्रमुखी ८०-९० दिवसांत तयार होते, लांबट, थोडी चपटी, उथळ डोळ्यांची, त्यामुळे सोलताना वाया काही जात नाही. ज्योतीला तिच्यापेक्षा आठ-दहा दिवस जास्त द्यावे लागतात. ज्योती आली तेव्हा करप्याला, म्हणजे पानं काळवंडवणाऱ्या रोगाला, दाद न देणारी म्हणून नावाजली होती. आता तिची ती ताकद राहिलेली नाही. शिवाय पाणी अनियमित झालं की तिचे मोठे बटाटे तडकतात. हे दोन्ही दोष मान्य करूनही मी ती लावते.

लवकर नावाची जात १९७२ ची, खास आपल्या पठारी भागासाठी काढलेली. गोल, पांढरी, आणि गारवा थोडा कमी पडला तरी पोसणारी. बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, मिळालं तर जरूर लावा. पुखराज मात्र बराच नंतरचा, १९९८ चा. साल पिवळसर, गरही पिवळा, आणि वाढ इतकी झपाट्याची की सत्तर दिवसांतच उकरून खाण्याजोगे बटाटे मिळतात.

आता स्वयंपाकघर. काचऱ्या हा माझा खरा कस. लोखंडी तव्यावर तेल, मोहरी, हिंग, हळद, पातळ चकत्या, आणि वर झाकण ठेवायचं नाही. ज्योतीच्या चकत्यांच्या कडा सोनेरी होतात, कुरकुरीत लागतात आणि मधला भाग पिठूळ राहतो. उलथन्यानं परतताना त्या एकमेकींना चिकटत नाहीत. पुखराजच्या चकत्या त्याच तव्यावर आधी पाणी सोडतात, मग मऊ पडतात आणि तळाला धरतात. वड्यासाठी उकडला तर सारण ओलसर होतं आणि बेसनाचं आवरण तेलात सुटतं. पण तोच पुखराज काळ्या मसाल्याच्या रश्श्यात टाका, फोड शेवटपर्यंत फोड राहते, विरघळत नाही. पोह्यांतही मला तोच आवडतो.

हा फरक घरच्या घरी आधीच ओळखता येतो. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवायचं आणि त्यात बटाटा सोडायचा. गरात पिष्ट जास्त असेल तर तो बुडतो, पाणी जास्त असेल तर तरंगतो. बुडणारा वड्याला, काचऱ्यांना, वाळवणाच्या किसाला. तरंगणारा रश्श्याला. आमच्या ज्योतीतले बहुतेक बुडतात, पुखराजचे बहुतेक तरंगतात. वेफर्ससाठी काढलेल्या चिपसोना जातींमध्ये हेच पिष्ट जास्त ठेवलेलं असतं, आणि तळताना करपवणारी साखर कमी. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर कंपन्यांशी करार करून वेफर्सचा बटाटा लावतात, तो पावसाळ्यात. उंचावरचं पठार असल्यामुळे तिथे पावसाळ्यातही हवा पुरेशी गार असते.

साखरेवरून आणखी एक. पावसाळ्यात बाजारातला बटाटा गोडसर लागतो आणि काचऱ्या तांबड्या-काळ्या होतात, अशी तक्रार बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बाजारात हमखास ऐकू येते. भाजीवालीचा त्यात दोष नाही. शीतगृहात २ ते ४ अंशांवर ठेवला की बटाट्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे टोपलीत, अंधारात, साध्या हवेला ठेवला तर बरीचशी साखर उतरते. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, तिथे पुन्हा तेच होतं. घरचा बटाटा चवीला वेगळा का लागतो, याचं निम्मं उत्तर यात आहे. तो शीतगृह न बघताच तव्यावर येतो.

वजनाची तुलना करायची असेल तर ती न्यायानं करावी, याबद्दल मी जरा हट्टी आहे. बेणं एकाच दिवशी लावायचं, साधारण ३० ते ४० ग्रॅमचं, कोंबडीच्या अंड्याहून लहान. सऱ्यांमध्ये दोन फूट, रोपांमध्ये वीतभर अंतर. खत, पाणी, रोपाच्या बुडाशी मातीची भर सगळं सारखं. सरीच्या दोन्ही टोकांची रोपं तुलनेत धरायची नाहीत, कारण कडेच्या रोपाला ऊन आणि माती जास्त मिळते आणि ते नेहमीच खोटी आशा दाखवतं. काढलेला माल सावलीत सुकवून, माती झाडून मगच तोलायचा. आपल्या काळ्या मातीची ढेकळं बटाट्याला अशी चिकटून येतात की न झाडता तोललं तर मातीचंच पीक मोजल्यासारखं होतं. हिरवे, तडकलेले, किडके वेगळे तोलायचे. हे वेगळे काढले की पुखराजची आघाडी थोडी कमी होते. त्याचे बटाटे मोठे होऊन वर येतात, आणि भर कमी पडली की उजेडानं हिरवे पडतात. हिरवा भाग कडू आणि विषारी, तो खाऊ नये. रोपं वीतभर झाली की एकदा आणि पुढे पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा, अशी दोनदा मातीची भर लावा.

काढणीच्या आधी आठ-दहा दिवस पाणी तोडायचं आणि पाला जमिनीलगत कापायचा. मग एक रोप उकरून बटाट्यावर अंगठा जोरात घासून बघायचा. साल सरकली तर अजून थांबायचं. साल पक्की झाली की काढायचा. ही घाई करणाऱ्यांचे बटाटे टोपलीत महिनाभरात सुकतात आणि दोष जातीवर जातो. घरात महाशिवरात्रीच्या उपासाला नवा बटाटा हवा असतो, त्या तारखेच्या आधी ज्योती बसते. माझ्या निवडीमागे हेही एक कारण आहे, ते लपवत नाही.

हवामानाचं दुखणं वेगळंच. ढगाळ हवा, भुरभुर पाऊस, सकाळचं धुकं हे सगळं एकदम आलं की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षवाल्यांची झोप उडते, कारण डावणी हा द्राक्षाचा रोग येतो. बटाट्याचा उशिरा येणारा करपा त्याच कुळातला आहे आणि त्याला हवाही तशीच लागते. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर जिल्ह्यात अवकाळी आणि गारांनी द्राक्षबागा झोडपल्या, तेव्हा आमच्या कोवळ्या सऱ्यांवरही ते सगळं आलं. आधी चंद्रमुखीची पानं काळवंडली, मग ज्योतीची. त्या वर्षीचे आकडे मी तुलनेत धरत नाही. एरवी आपला हिवाळा कोरडा असतो आणि हा रोग फार त्रास देत नाही. पाणी मात्र पानांवर न मारता सरीतून द्यावं, आणि सकाळी द्यावं.

यानंतर लोक विचारतात, बेणं कुठून आणता? पुण्याहून येणारं कुणीतरी ओळखीचं मंचरला थांबतं आणि तिथल्या बाजारातून आणतं. तिथे पंजाबकडचं बेणं येतं. घरचेच बटाटे ठेवून पुन्हा का लावत नाही, तर मावा या बारीक किडीमुळे. मावा एका रोपाचा रस शोषून दुसऱ्यावर बसतो आणि विषाणू पसरवतो. रोगट रोपाचा बटाटा वरून चांगला दिसतो, पण रोग त्याच्या पोटात असतो, आणि दर पिढीला उत्पन्न घटत जातं. पूर्वी चांगलं बेणं फक्त डोंगरात होई. बटाट्याचे शास्त्रज्ञ डॉ. पुष्करनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की उत्तरेच्या मैदानात मावा कमी असण्याच्या काळात पीक घेतलं आणि जानेवारीच्या पूर्वार्धात, मावा वाढण्याआधीच पाला कापून टाकला, तर तिथेही निरोगी बेणं तयार होतं. आज आपल्यासारख्या घरच्या वाफेवाल्यांनाही ताजं बेणं मिळतं ते त्या कामामुळे. मी फार तर एक वर्ष घरचं बेणं वापरते, तेही सगळ्यात जोमदार रोपांचं.

पोत्यात एकावर एक माती चढवत नेली तर मजल्यामजल्यानं बटाटे लागतात, असे व्हिडिओ बरेच जण मला पाठवतात. पुखराज, चंद्रमुखीसारख्या लवकरच्या जातींना ते लागू होत नाही. त्यांचे बटाटे बेण्याच्या जरा वरच्या एकाच थरात धरतात. उंच पोत्यात वरची अर्धी माती नुसतीच बसून राहते. त्यापेक्षा रुंद, फूट-सव्वा फूट खोल कुंडी घ्या.

तर गॅलरीत एखादीच मोठी कुंडी असेल आणि सहा-सात तास ऊन येत असेल, तर चंद्रमुखी लावा. घरामागे वाफा आहे आणि घरात काचऱ्या, वडे, उपास चालतात, तर ज्योती. माणसं जास्त, रस्सा रोजचा, पोतं भरलेलं बघायची हौस, तर पुखराज, आणि तो आधी संपवा, कारण घरात ठेवायला तो ज्योतीइतका टिकत नाही. मला विचारून लावणाऱ्यांना मी निम्मी ज्योती, निम्मा पुखराज सांगते.

यंदाचं बेणं ऑक्टोबरच्या अखेरीस येईल. ज्यांना हवं असेल त्यांनी दसऱ्याच्या आत सांगा, म्हणजे मंचरला तसा निरोप देता येईल. न्यायला कापडी पिशवी आणा, प्लास्टिकमध्ये बेण्याला घाम सुटतो आणि डोळे कुजतात. नेल्यावर लगेच लावू नका. आठवडाभर सावलीत, उजेडाच्या जागी पसरून ठेवा, कोंब आखूड आणि हिरवे, जाडसर आले की मग लावा. मोठा बटाटा कापायचा असेल तर प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे राहू द्या, आणि कापलेली बाजू दोन दिवस सुकू द्या.