किचनमधल्या घोस्ट अँट: ओळख पटवण्यापासून बंदोबस्तापर्यंत माझा अनुभव

डोंबिवलीत आमच्याकडे पावसाळा लागला की ओट्यावर एकदम बारीक मुंग्या, इतक्या बारीक की पांढऱ्या टाइल्सवर नुसते ठिपके पळतायत असं वाटतं. आई हळदीची रेघ ओढायची, शेजारच्या काकूंनी खडू दिला, रांग जायची आणि मग सिंकऐवजी गॅसच्या मागनं चालू व्हायची. म्हणून ठरवलं की आधी ही मुंगी नेमकी कुठली ते बघायचं, मगच औषध.

जाड कागदावर मधाचा थेंब ठेवला, जमल्या तशा मोबाईलला मॅक्रो लेन्स लावून फोटो काढले. डोकं काळपट, पोट आणि पाय फिकट, जवळजवळ आरपार दिसणारे, लांबी जेमतेम दीड मिलिमीटर. एक बोटाने चिरडून वास घेतला तर खवट खोबऱ्यासारखा! म्हणजे घोस्ट अँट, शास्त्रीय नाव टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम. मला आधी फराओ अँटची शंका होती, पण ती बहुतेक सगळी पिवळसर-तांबूस असते आणि तिच्या कंबरेला दोन गाठी स्पष्ट दिसतात, इथे तसं काहीच नव्हतं.

ओळख पटल्यावर पुढचं सगळं सोपं झालं कारण या मुंगीच्या एका वसाहतीत राण्या पुष्कळ असतात आणि घरटंही एकच नसतं, भिंतीची फट, चौकटीमागची पोकळी, कुंडी, जिथे दमट तिथे मुक्काम, त्यामुळे वरून स्प्रे मारला तर बाहेर फिरणाऱ्या मरतात, राण्या आत सुखरूप. त्यांनी स्वतःच औषध आत नेलं पाहिजे. मेडिकलमधून बोरिक पावडर आणली, 100 मिली कोमट पाण्यात 10 ग्रॅम साखर आणि 1 ग्रॅम पावडर, नीट ढवळून कापसाचे बोळे भिजवले आणि बाटल्यांच्या झाकणात रांगेच्या कडेला ठेवले. पावडर जास्त घालायचा मोह होतो पण घालू नका, कडक झालं की मुंग्या तोंड लावत नाहीत किंवा घरट्यात पोचायच्या आधीच मरतात. लहान मूल किंवा मांजर असेल तर झाकणं त्यांच्या हाती लागणार नाहीत अशीच ठेवा. सुरुवातीला झाकणाभोवती ही झुंबड उडाली, आई घाबरली, पण तेच हवं असतं, पुसायचं नाही.

रांग उलटी माग काढत गेले तर ती बाल्कनीतल्या जास्वंदीवर! शेंड्यांना पांढरा पिठ्या ढेकूण लागला होता, त्याचा गोड चिकटा खायला ह्या जात होत्या. खराब शेंडे छाटले, बाकीचं साबणाच्या पाण्याने धुतलं, नंतर नीमतेल फवारलं. माझ्या मते हे केलं नसतं तर नुसत्या झाकणांनी भागलंच नसतं.

हळूहळू रांग विरळ होत बंद झाली. सिंकमागे एक झाकण अजून ठेवते, पाणी उडून द्रावण घट्ट होतं म्हणून बोळा अधूनमधून बदलते.