पांढरी पाचचा घुमारा: जिमखान्यातल्या तिसऱ्या कार्यक्रमाची नोंद

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं, की बेस गिटारच्या तारांखाली स्पंज लावून वाजवायचा प्रयोग प्रॅक्टिसच्या खोलीत जमला आहे आणि आता तो लोकांसमोर करून बघायचा आहे. तो प्रयोग झाला, पण ठरवला होता तसा नाही. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी घरातून निघताना मी स्पंज काढून ठेवला. हॉल मोठा आहे, तिथे स्वर लांब हवा, नाहीतर बेस कोरडा पडेल असं मला वाटलं. अर्धा कार्यक्रम या एका निर्णयामुळे बिघडला. पुढचं लिहिते आहे ते त्याबद्दलच.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. आम्ही पाच जण आहोत: ड्रम्स, बेस, गिटार, ऑर्गनच्या आवाजातला कीबोर्ड आणि गायक. साठच्या दशकातली बीट ग्रुप्सची इंग्रजी गाणी आणि त्याच काळातली दोन-तीन हिंदी गाणी वाजवतो. माझा बेस प्रिसिजन जातीचा, 34 इंची स्केलचा. पावसाळ्यात त्याला चपट्या गुंडाळणीच्या तारा घातल्या. त्यांचा ताण जास्त पडला, म्हणून बेसच्या गळ्यातली, त्याचा वाक सांभाळणारी सळई पाव फेरा आवळावी लागली.

स्पंजची गोष्ट जुनी आहे. फेंडर या गिटार कंपनीनं 1951 मध्ये प्रिसिजन बेस आणला, तेव्हा ब्रिजवर (तारा जिथे टेकतात त्या खालच्या पट्टीवर) धातूचं एक झाकण असायचं आणि त्याच्या आतल्या बाजूला फोमची पट्टी चिकटवलेली असायची. म्हणजे स्वर लवकर मिटावा ही कंपनीचीच अपेक्षा होती. तेव्हाच्या लोकांच्या कानात उभा डबल बेस होता. त्याचा स्वर ‘थुप्’ करून उमटतो आणि विरतो. डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जेम्स जेमर्सन 1962 च्या प्रिसिजनवर जाड चपट्या तारा लावून, खाली फोम ठेवून, उजव्या हाताच्या फक्त तर्जनीनं वाजवायचा. त्याचं वाजवणं कानात बसल्यापासून मला लांब घणघणणारा बेस या गाण्यांत परका वाटतो.

माझा स्पंज टीव्हीच्या खोक्यातून निघालेला आहे. ब्रिजला अगदी लागून, तारांना जेमतेम टेकेल एवढाच ठेवायचा. जाड झाला की तार वर उचलली जाते आणि वरच्या पडद्यांवर सूर चढतो. पिकअपच्या (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाच्या) दिशेनं सरकला तर स्वर मरतोच. हे जमायला मला तीन रविवार लागले, आणि तरी ऐन दिवशी तो माझ्या टेबलावर राहिला.

जिमखान्यात आधीचा कार्यक्रम संपायला सहा वाजले. लोक साडेसातला येणार होते. सामान लावून तारा-वायरी जोडेपर्यंत साउंड चेकला पंधरा मिनिटं उरली. आम्ही एकच गाणं वाजवलं, ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’. ॲनिमल्स या बँडनं ते 18 मे 1964 ला एकाच टेकमध्ये रेकॉर्ड केलं होतं. साडेचार मिनिटांच्या आसपासचं ते गाणं तेव्हाच्या तीन मिनिटांच्या सिंगल्समध्ये लांबलचकच होतं. चेकसाठी ते बरं पडतं, कारण गिटारची सुटी बोटं, ॲलन प्राइसच्या धाटणीचा ऑर्गन, झांजा, गळा असं सगळं त्यात येतं. हॉलमध्ये छान वाजलं. साउंडवाल्या दादांनी मागून अंगठा दाखवला.

त्या गाण्यातल्या कॉर्ड्स बघा: ए मायनर, सी, डी, एफ, ई. त्यात जी ही कॉर्ड नाही. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर पांढरी पाच त्या गाण्यात माझ्या बेसच्या वाट्याला येतच नाही, आणि हॉलचं दुखणं नेमकं पांढरी पाचलाच होतं.

पहिलं गाणं ‘यू रिअली गॉट मी’. किंक्स या बँडचं, तेही 1964 चंच. डेव्ह डेव्हिसनं छोट्या एल्पिको ॲम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडनं कापून तो फाटका आवाज मिळवला, हे गिटारवाल्या मंडळींना सांगायला नको. त्या गाण्याचा पाया एफ-जी-जी-एफ-जी असा आहे. खालचा जी मी ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावर, दणकून, पूर्ण लांबीचा वाजवत होते. मला स्टेजवर सगळं ठीक ऐकू येत होतं. चार गाणी झाली, लोक टाळ्या वाजवत होते, पण मागच्या खुर्च्यांवरचे चेहरे मात्र जरा ताठ वाटत होते.

मध्यंतरात ड्रमर काकांच्या घरच्या काकू माझ्याकडे आल्या. त्या भिंतीलगतच्या खुर्चीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, “अगं, शब्दच कळत नाहीयेत. नुसतं पोटात घुमतंय.” मी त्यांच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि गिटारवाल्याला माझा बेस घेऊन खालचा जी वाजवायला सांगितलं. भिंत, खुर्ची, माझ्या बरगड्या, सगळं एकदम गुणगुणायला लागलं आणि त्यानं तारेवर हात ठेवल्यावरही ते लगेच थांबलं नाही. मग त्याला एफ वाजवायला लावला, तो ठीक. ए वाजवायला लावला, तोही ठीक. फक्त जी घुमत होता.

का, ते दुसऱ्या दिवशी सामान आणायला गेले तेव्हा टेप घेऊन मोजलं. छत साडेतीन मीटर उंच, हॉलची रुंदी 7 मीटर. समोरासमोरच्या भिंतींमधल्या जा-येच्या अंतरात ज्या स्वराची लहर नेमकी बसते, तो स्वर खोलीत घुमतो. आवाजाचा वेग आपल्याकडच्या उकाड्यात सेकंदाला साधारण 345 मीटर धरा. जमीन ते छत आणि परत, हे अंतर 7 मीटर, म्हणजे 345 भागिले 7, सुमारे 49 हर्ट्झ. रुंदीची जा-ये 14 मीटर, म्हणजे साडेचोवीसच्या आसपास, आणि त्याची दुप्पट पुन्हा 49. बेसचा खालचा जी बरोबर 49 हर्ट्झचा. उंची आणि रुंदी दोघीही एकाच स्वराला धरून बसल्या होत्या. त्यात ॲम्प मी कोपऱ्यात ठेवला होता. खोलीचे असे स्वर सगळ्यात जोरात जागे होतात ते कोपऱ्यातूनच.

मला स्टेजवर ते का कळलं नाही, याचं उत्तरही त्याच आकड्यांत सापडलं. फूटभर उंच स्टेजवर उभी असताना माझा कान जमिनीपासून साधारण पावणेदोन मीटरवर येतो, म्हणजे छताच्या अगदी निम्म्यावर. डाव्या भिंतीपासूनही मी जवळजवळ तेवढीच दूर होते, रुंदीच्या एक चतुर्थांशावर. त्या लहरीचा दाब दोन्ही ठिकाणी सगळ्यात कमी असतो. अख्ख्या हॉलमध्ये तो जी ज्या जागी सर्वांत कमी ऐकू येईल, त्या जागी मी उभी होते. लोक आले की हॉल शांत होतो असं आपण म्हणतो, ते वरच्या सुरांपुरतं खरं आहे. माणसं आणि कपडे खालचा जी शोषत नाहीत.

मध्यंतराला वीस मिनिटं होती. कीबोर्डवाल्या मैत्रिणीनं तिच्या कीबोर्डच्या खोक्यातला फोम कात्रीनं कापून दिला, बोटभर रुंद. तो ब्रिजला लागून सरकवला. ॲम्प कोपऱ्यातून उचलून माझ्या पायाशी आणला आणि प्लास्टिकच्या क्रेटवर चढवला. दादांनी मिक्सरवर 50 हर्ट्झच्या आसपास खाच पाडली, म्हणजे तेवढेच सूर कमी केले. आणि जिथे जमेल तिथे जी एक सप्तक वर, डी तारेच्या पाचव्या पडद्यावर घ्यायचा असं मी ठरवलं. तो 98 हर्ट्झचा. हिशेबानं तोही घुमायला हवा होता, पण कानाला तसा त्रास झाला नाही.

या सगळ्यात सर्वात मोठा फरक स्पंजनं पडला असं माझं मत आहे. खोली एखाद्या स्वराला धरते, पण तो स्वर भरून यायला तिला वेळ लागतो. झोका एका धक्क्यात उंच जात नाही, तसंच. स्वर आखूड असला की खोलीला तेवढी उसंतच मिळत नाही. मी दुपारी नेमकं उलटं गृहीत धरलं होतं.

त्याच मध्यंतरात एक आजोबा भेटले, ऐंशीच्या पुढचे. कॉलेजात असताना ही गाणी रेडिओ सिलोनवर ऐकायचे. म्हणाले, “पोरी, आमच्या रेडिओत हे तुझं वाद्य कधी ऐकूच आलं नाही गं. पण ते नसतं तर पाय हलला नसता.” मी घरी येऊन यावर बराच विचार केला. त्या रेडिओच्या तळहाताएवढ्या स्पीकरमधून 49 हर्ट्झ निघणं शक्यच नव्हतं. पोचत होती ती स्वराची सुरुवात आणि त्याचे वरचे अंश. खालचा स्वर कान स्वतःच जुळवून घेत होता. तबकडी कापणारेही खालचे सूर हात राखूनच घ्यायचे, सुई उडेल म्हणून. बीटल्सच्या 1966 च्या ‘पेपरबॅक रायटर’साठी त्यांचा रेकॉर्डिंग इंजिनिअर जेफ एमेरिकनं बेसच्या ॲम्पसमोर मायक्रोफोनऐवजी चक्क एक लाउडस्पीकर उलटा जोडून ठेवला, तेव्हा कुठे त्यांच्या रेकॉर्डवर बेस असा पुढे आला. आमची निम्मी गाणी त्याच्या आधीची आहेत. त्यांत ‘थुप्’ महत्त्वाचं, घुमारा नाही.

दुसरा भाग नऊला सुरू केला. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी, म्हणून यादीतून दोन गाणी गाळली. ‘गुमनाम’ (1965) मधलं ‘जान पहचान हो’ सुरू झाल्याबरोबर मधल्या खुर्च्या बाजूला सरकल्या आणि पुढचा काही वेळ कुणी बसलं नाही. ते रफीसाहेबांनी गायलंय, संगीत शंकर-जयकिशनचं, आणि पडद्यावर टेड लायन्स ॲंड हिज कब्ज हा बँड दिसतो. इंग्रजी बीट गाण्यांशेजारी ते इतकं सहज बसतं, की यादीत त्याची वेगळी जागा करावी लागत नाही.

‘ट्विस्ट अँड शाउट’ शेवटी ठेवलं होतं, बीटल्सनी ठेवलं त्याच कारणानं. 11 फेब्रुवारी 1963 ला त्यांनी दिवसभरात दहा गाणी रेकॉर्ड केली आणि लेननचा गळा त्या गाण्यानंतर टिकणार नाही म्हणून ते सर्वात शेवटी घेतलं. पहिलाच टेक रेकॉर्डवर आला. डी-जी-ए असं ते फिरत राहतं, त्यामुळे दर फेरीत तो जी समोर येणारच होता. मी दर वेळी तो वरच्या सप्तकात, आखूड घेतला. आमच्या गायकाचा गळा शेवटच्या ओळीत फाटला आणि ते तसंच छान वाटलं. नऊ बावन्नला थांबलो. काकूंनी भिंतीलगतच्या खुर्चीवरून मान डोलावली.

फोनवरचं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. पहिल्या भागात ड्रमर काकांचा पायातला ड्रम माझ्या स्वराखाली पूर्ण बुडालेला आहे. दुसऱ्या भागात दोन्ही एकावर एक बसलेले ऐकू येतात. लय मात्र दोन्ही भागांत पळाली आहे. ‘यू रिअली गॉट मी’ प्रॅक्टिसला मिनिटाला 136 ठोक्यांवर असतं, तिथे 145 पर्यंत गेलं. काकांशी बोलले. पुढच्या वेळी मोजणी ते द्यायच्या आधी मी मनात दोन ओळी गुणगुणून घेणार आहे आणि त्यांच्याकडे बघून मान हलवल्यावरच ते सुरू करतील.

साउंड चेकही बदलतेय. गाणं वाजवायच्या आधी ई तारेवर खुल्या स्वरापासून बाराव्या पडद्यापर्यंत एकेक स्वर वाजवायचा, आणि तेव्हा मी स्टेजवर नाही, भिंतीलगतच्या खुर्चीवर असेन. गिटारवाल्यानं बेस धरायचं कबूल केलंय. दोन मिनिटं पुरतात, घरी घड्याळ लावून बघितलं. मैत्रिणीच्या फोमचा तुकडा मी परत दिलेला नाही. तो आता बेसच्या पिशवीच्या कप्प्यात असतो, जास्तीच्या तारांसोबत.