गाडीला जादा लाइट लावले त्याची गोष्ट

नोकरी कराडला, घर चिपळूणला. शनिवारी संध्याकाळी सहाला मोटारसायकलवरून सुटायचं आणि सोमवारी पहाटे चारला परत निघायचं, म्हणजे जाताना अंधार आणि येतानाही अंधारच. मधे कुंभार्ली घाट. उन्हाळ्यात या घाटाचं काही वाटत नाही. जून सरत आला की मात्र धुकं रस्त्यावर येऊन बसतं, आणि हेळवाक सोडल्यापासून पोफळीचे दिवे दिसेपर्यंत माणूस नुसत्या अंदाजावर गाडी चालवतो.

पहिली दोन वर्षं माझी एक युक्ती होती. हेळवाकला टपरीवर चहा घेत थांबायचं आणि चिपळूणची एसटी आली की तिच्या मागे लागायचं. तिचे दोन लाल दिवे जिकडे वळतील तिकडे आपण वळायचं. एका शनिवारी एसटी आलीच नाही. तासभर वाट बघून एकटाच निघालो. एका वळणावर समोर दोन हिरवट ठिपके चमकले, म्हणून ब्रेक दाबला. रस्त्याच्या मधोमध म्हैस बसली होती. पुढचं चाक तिच्यापासून दोन हातांवर थांबलं. तिने मानसुद्धा हलवली नाही. जादा लाइट लावायचे हे मी तिथेच ठरवलं.

माझी गाडी २०१७ची, दीडशे सीसीची. एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, त्यातलीच. बल्ब ३५ वॉटचा हॅलोजन. मित्र म्हणाला, १०० वॉटचा बल्ब टाक, शंभर-दीडशे रुपयांत काम होईल. नशिबाने ते ऐकलं नाही. त्याच्याच गाडीचा होल्डर वितळून रिफ्लेक्टर काळा पडलेला मी पाहिला होता. मी एलईडीची जोडी घेतली. २० वॉटचा एकेक, पांढरा प्रकाश, जोडी अठराशेला. ज्या दुकानातून घेतली तिथल्याच पोराने चाळीस मिनिटांत हेडलाइटच्या दोन्ही बाजूंना बसवून दिली.

त्या रात्री पाटणच्या पुढे बटण दाबलं आणि लग्नाच्या मांडवात शिरल्यासारखं वाटलं. शेतातला ऊस, झाडांचे शेंडे, पार वरचे विजेचे खांब, सगळं लख्ख. समोरून येणारा प्रत्येक जण अप्पर-डिपर मारून शिव्या घालत होता, पण मी खुशीत होतो. घाटात धुकं लागलं आणि खुशी उतरली. आधी समोर राखाडी भिंत होती, आता दुधासारखी पांढरी भिंत झाली. रस्ता पूर्वीपेक्षा कमी दिसायला लागला. शेवटी नवे लाइट बंद करून जुन्या डिपरवरच खाली उतरलो. अठराशे रुपये घालून!

तरी महिनाभर ते तसेच वापरले. मग ऑगस्टमधला तो शनिवार. घाटाचा अर्धा भाग उतरलो होतो, पाऊस बारीक, धुकं दाट. एका यू वळणावर हॅन्डल पूर्ण वळवलं आणि गाडी मेली. हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, इंजिन, सगळं एकदम. उताराला गाडी तशीच घरंगळत होती आणि कठडा कुठे आहे ते दिसत नव्हतं. पाय टेकवत टेकवत डाव्या बाजूला घेतली. गटाराचं पाणी बुटात गेलं तेव्हा कळलं की कडेला आलो. मोबाइलची टॉर्च लावून साइड पॅनेल काढलं. मेन फ्यूज उडालेला. फ्यूजच्या डबीत एकच स्पेअर असतो. हात तो बसवायला निघालाच होता, तेवढ्यात जळक्या प्लास्टिकचा वास आला.

तो वास आला नसता तर दुसरा फ्यूजही त्याच जागी गेला असता आणि मी सकाळपर्यंत तिथेच. वासाच्या दिशेने हॅन्डलखाली टॉर्च मारली. दुकानातल्या पोराने नव्या लाइटची वायर स्टिअरिंगच्या नळीवरून अगदी ताणून नेली होती. हॅन्डल वळलं की वायर चॅसीच्या कडेवर घासायची. महिनाभर वळणांवर घासून तिची साल गेली होती, आतली तांब्याची तार उघडी पडून लोखंडाला टेकली होती. जादा लाइटला वेगळा फ्यूज नव्हताच, त्यामुळे शॉर्ट झाल्यावर गेला तो अख्ख्या गाडीचा फ्यूज. दुधाचा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने काही न विचारता टेम्पो माझ्या मागे आडवा लावला, चारही इंडिकेटर चालू केले आणि टॉर्च धरली. मी ती वायर मुळापासून उपटून काढली, मगच स्पेअर फ्यूज बसवला. गाडी सुरू झाली. टेम्पोवाला म्हणाला, "मागनं या माज्या." पोफळीपर्यंत त्याच्या मागे गेलो. म्हणजे फिरून पुन्हा लाल दिव्यांच्या मागेच.

पुढच्या आठवड्यात कराडमध्ये एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांनी हेडलाइट उघडला, आत नुसती वायर पिळून टेप गुंडाळलेले जोड बघितले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सायेब, ह्याला वायरिंग म्हनत न्हाईत. ह्याला गाठ मारणं म्हनतात."

मामांनी केलं ते असं. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर पहिल्यांदा फ्यूज. दोन्ही लाइट मिळून ४० वॉट, म्हणजे बारा व्होल्टला साधारण सव्वातीन अँपिअर. म्हणून फ्यूज पाच अँपिअरचा. मी दहाचा टाका म्हणालो, जरा दणकट बरा. मामा म्हणाले, "फ्यूज दणकट असून काय करायचं? त्यानं मराया पायजे, वायर जगाया पायजे." त्याच्या पुढे चार पायांचा रिले, म्हणजे थोड्याशा करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. पायांवर आकडे कोरलेले असतात: ३०ला फ्यूजमधून आलेली बॅटरीची वायर, ८७वरून लाइटकडे, ८५ अर्थला आणि ८६ला बटणावरून येणारी इशाऱ्याची वायर. ही इशाऱ्याची वायर त्यांनी पार्किंग लाइटवरून घेतली. रिलेच्या कॉइलला अँपिअरचा पाव हिस्साही लागत नाही, त्यामुळे गाडीच्या मूळ वायरिंगवर भार येत नाही, आणि चावी काढली की लाइट आपोआप बंद. चावी काढूनही लाइट चालू राहून बॅटरी झोपली, असा प्रकारच नाही.

अर्थची वायर चॅसीला न लावता थेट बॅटरीच्या मायनसला नेली. हॅन्डलपाशी वायरला सैल वळसा ठेवला, तिच्यावर स्लीव्ह चढवली आणि मला हॅन्डल डावीकडून उजवीकडे दहा वेळा वळवायला लावलं. स्वतः वाकून वायर कुठे ताणते का ते बघत होते. वायरींच्या सगळ्या टोकांना धातूचे थिंबल दाबून बसवले. टेपचा एकही वेढा नाही. मजुरी सहाशे, सामान चारशे.

याच कामात एक वेगळीच गोष्ट सापडली. मामांनी सहज हेडलाइटच्या होल्डरवर मीटर धरला. इंजिन चालू, बॅटरीवर १३.६ व्होल्ट आणि बल्बवर फक्त ११.९. बाकीचे बटणात, वायरी जोडणाऱ्या गंजलेल्या कपलरात आणि कुजलेल्या अर्थमध्ये गळत होते. दीड-पावणेदोन व्होल्टने काय बिघडतं असं मला वाटलं. घरी येऊन हिशेब केला. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार झपाट्याने पडतो, साधारण ३.४च्या घातात. म्हणजे माझ्या बल्बला मिळायला हवा त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त उजेड वाटेतच मरत होता. मामांनी कपलर साफ केले, अर्थ नवी दिली, बल्बवर १३ आले. हे आधी केलं असतं तर कदाचित मी जादा लाइट घेतलेच नसते. माझ्यासारखं कुणाच्या डोक्यात असेल तर आधी मीटर धरून बघा, काचेवरचा चिखल पुसा, मग दुकानात जा.

लाइटची जागाही बदलली. धुक्यात आपल्याला आंधळं करतो तो आपलाच उजेड. पाण्याच्या थेंबांवर आपटून तो परत येतो, आणि दिवा डोळ्यांच्या जितका जवळ तितका तो सरळ डोळ्यात येतो. म्हणून लाइट हेडलाइटशेजारून काढून खाली लेगगार्डवर, जमिनीपासून दोन फुटांवर बसवले. पांढरे मित्राला अर्ध्या किमतीत दिले आणि पिवळे घेतले, पसरट झोताचे, झोताची वरची कड सरळ कापलेली, म्हणजे उजेड तिच्या वर जात नाही. पिवळा प्रकाश धुक्याला भेदून जातो असं सगळे सांगतात. ते काही खरं नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपुढे इतके मोठे असतात की निळा काय नि पिवळा काय, सगळे जवळपास सारखेच विखुरतात. फ्रान्समध्ये तर १९३०च्या दशकापासून १९९३पर्यंत गाड्यांना पिवळेच हेडलाइट सक्तीचे होते, शेवटी तेही सोडून दिले. मी पिवळे घेतले ते डोळ्यांना कमी टोचतात म्हणून. खरं काम करतात ते खालची जागा आणि ती सरळ कापलेली कड.

पण सगळ्यात जास्त वेळ कशाला गेला असेल तर झोताचा कोन लावायला. वायरिंग एका दुपारी झालं, कोनाला तीन रात्री लागल्या. घरासमोर शेजाऱ्यांची कंपाउंडची भिंत आहे. तिच्यापासून पंचवीस फुटांवर, सपाटीवर गाडी उभी केली, दोन्ही चाकांवर, मेन स्टँडवर नाही. लाइटच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ मारली आणि तिच्याखाली साडेसात सेंटिमीटरवर दुसरी. दर मीटरला एक सेंटिमीटर उतार, हा हिशेब. मी गाडीवर बसायचं, बायकोने पाना घेऊन लाइटपाशी.

"अहो, डावा वर आहे."

"किती?"

"खडूच्या वर. आता गेला खाली. फार गेला."

नट सैल केला की लाइट मान टाकतो, घट्ट केला की अर्धा सेंटिमीटर वर उडी मारतो. शेवटी दोन्ही झोत खालच्या रेघेला टेकले. मी खूश होऊन तिला म्हटलं, बस मागे, एक चक्कर मारू. ती बसली आणि भिंतीवरचा पिवळा पट्टा चार बोटं वर चढून वरच्या रेघेला भिडला. मागचे शॉक दबले, गाडीचं तोंड वर झालं. या चार बोटांमुळेच समोरच्याचे डोळे दिपतात. मग पुन्हा पहिल्यापासून. आता ती मागे बसलेली असताना आणि पाना शेजारच्या पोराच्या हातात. एकटा असताना झोत जरा जवळ पडतो, पण ते चालवून घेतो.

कायद्याचंही सांगतो, कारण कुणी ना कुणी विचारतंच. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीतल्या बदलांवर आहे, आणि उत्पादकाच्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये सांगितलं. तेव्हा नाक्यावर कुणी अडवलं तर दंड होऊ शकतो, हे धरूनच मी लाइट लावलेत. गावात शिरलो की बंद, काचांवर काळी झाकणं. एकदा कराडच्या नाक्यावर हवालदारांनी झाकणावर टिचकी मारून विचारलं, "हे कशाला?" कुंभार्ली म्हटल्यावर ते म्हणाले, "मग ठीकाय. हितं लावू नका."

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी हेळवाकला चहा घेतला, एसटीची वाट न बघता निघालो. दूरचं दिसलं म्हणाल तर नाही, धुकं ते धुकंच. पण पुढचे दहा-बारा मीटर नीट दिसत होते: डाव्या कडेची झिजलेली पांढरी रेघ, गटाराच्या कडेचं शेवाळ, कठड्याच्या पायथ्याशी पडलेला नारळाएवढा दगड. वेग वीस-पंचविसाच्या वर नेलाच नाही. त्याहून जोरात गेलो असतो तर थांबायला तेवढं अंतर पुरलं नसतं. समोरून चिपळूण डेपोची एसटी चढत आली. मी बटणावर अंगठा ठेवून तयार होतो. तिने डिपर मारला नाही, तशीच शेजारून निघून गेली.

आता एकच कुरकुर आहे. उजव्या लाइटच्या काचेत आतून दव धरायला लागलंय. रबराची रिंग बदलून सिलिकॉन भरावं लागणार. मामा म्हणतात, उन्हात वाळवल्याशिवाय भरू नका. चिपळूणला सप्टेंबरात ऊन कुठून आणू? सध्या लाइट काढून गॅसच्या शेगडीपासून हातभर लांब कट्ट्यावर ठेवलाय, आणि आई रोज विचारते, हे काय शिजतंय.