तंगूस, उदबत्ती आणि एस.ई.५ए

माझ्याकडे दुपंखी, म्हणजे एकावर एक पंख असलेल्या विमानांच्या, जोडून करायच्या मॉडेलांची चार किट्स होती आणि चारही खोक्यातच होती. एकपंखी विमानं मी पटापट करायचो. स्पिटफायर, हरिकेन, दोन मिग, एक नॅट. नौपाड्यातल्या आमच्या वन बीएचकेत टीव्हीवरची फळी भरली, मग बायकोच्या पुस्तकांच्या फळीवर अतिक्रमण झालं. पण दुपंखीचं खोकं उघडलं की मी सूचनापत्रकाच्या शेवटच्या पानावरची पंखांमधल्या तारांची आकृती बघायचो आणि खोकं गुपचूप बंद करायचो. बहुतेक किटांत त्या तारा येतच नाहीत. आकृतीत बारीक रेघा मारलेल्या असतात, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुट्टीत शेवटी एस.ई.५ए, पहिल्या महायुद्धातलं इंग्लिश लढाऊ विमान, बाहेर काढलं. १/४८ चं, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याचं, म्हणजे पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सतरा सेंटिमीटर. खरं विमान आठ मीटरपेक्षा जरा जास्त. हेच विमान का, तर इंद्रलाल रॉय. कोलकात्यात जन्मलेला आणि इंग्लंडमध्ये शिकलेला हा पोरगा पहिल्या महायुद्धात रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हवाई दलात शिरला. डिसेंबर १९१७ मध्ये त्याचं एस.ई.५ए कोसळलं. त्यातून बरा होत असताना तो विमानांची चित्रं काढत बसायचा. पुन्हा उडायला लागला आणि जुलै १९१८ मध्ये साधारण दोन आठवड्यांत त्याच्या नावावर दहा हवाई विजय लागले. २२ जुलैला त्याला पाडलं. वय एकोणीस. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळालं ते मरणोत्तर. एकोणिसाव्या वर्षी मी ठाणे कॉलेजच्या कँटीनमध्ये बसायचो, हे आपलं सहज आठवलं.

सांगाडा, कॉकपिट, रंग यात दोन महिने गेले. त्यात सांगण्यासारखं फार काही नाही.

वरचा पंख चिकटवायच्या आधी भोकं पाडून घ्यायची, एवढी अक्कल मला होती. ०.३ मिलिमीटरचे ड्रिल बिट लॅमिंग्टन रोडवरून आणले. सर्किट बोर्डांना भोकं पाडायला वापरतात तेच. कार्बाइडचे असतात, धार अप्रतिम, पण ठिसूळ. हातातला पिन व्हाइस, म्हणजे बिट धरायची छोटी मूठ, केसभर तिरका झाला की टक्. असे चार मोडले. त्यातल्या एकाचं टोक डाव्या खालच्या पंखात अडकलं, ते अजून तिथेच आहे. त्यावर रंग मारला आणि शेजारी नवं भोक पाडलं.

आता तार. नायलॉनच्या मासेमारीच्या दोऱ्याने हे काम होतं हे वाचलं होतं, आणि ठाण्यात राहून तंगूस शोधायला लांब कशाला जायचं? चेंदणी कोळीवाड्यात ओळखीच्या एका काकांकडे गेलो. ते अजून हौसेने खाडीवर गळ टाकतात.

“कुठल्या मावऱ्याला पायजे?” त्यांनी विचारलं.

“सगळ्यात बारीक असेल ती द्या, काका.”

त्यांनी पत्र्याच्या डब्यातून एक रीळ काढलं, दोन बोटांत धरून ओढून दाखवलं. “ही शेवटची. याच्याखाली गेलास तर बोय पण नाय ऱ्हायची.”

विमानाला लावायची आहे म्हटल्यावर त्यांनी पैसे घेतले नाहीत. कीव आली असावी.

घरी येऊन रिळावर बघितलं, ०.२० मिलिमीटर. अठ्ठेचाळीसने गुणलं तर साडेनऊ मिलिमीटरच्या वर जातं. म्हणजे खऱ्या विमानाच्या पंखांमध्ये पेन्सिलीपेक्षा जाड सळया टाकल्यासारखं. तरीही हट्टाने लावली. पहिल्या रात्री डाव्या बाजूच्या चार तारा झाल्या. प्रत्येक तार खालून खेचायची, सुपरग्लूचा थेंब द्यायचा, मनात साठपर्यंत मोजायचं. दुसऱ्या रात्री उजवी बाजू करायला बसलो तर विमान टेबलावर एका अंगाला झुकलेलं. डावा वरचा पंख मी खाली ओढून ठेवला होता. उजव्या बाजूला ताण द्यायला लागलो तर तोही वाकला आणि डावीकडच्या आदल्या दिवशी ताठ असलेल्या तारा सैल पडल्या. शिवाय गोंद दोऱ्यावरून सरपटत खाली आला आणि त्याच्या वाफेने खाकी रंगावर पांढरी साय धरली. ठाण्याच्या दमट हवेत सुपरग्लू लवकर वाळतो खरा, पण ही सायही जास्त धरतो. सगळ्या तारा कापून टाकल्या आणि आठ दिवस त्या टेबलाकडे बघितलं नाही.

त्या आठ दिवसांत जे काम आधी करायला हवं होतं ते केलं. कुठली तार कशासाठी असते ते समजून घेतलं. तोपर्यंत माझ्या लेखी त्या सगळ्या रेघाच होत्या.

विमान हवेत असतं तेव्हा पंखांना वर जायचं असतं. त्यांना खाली धरून ठेवायला खालच्या पंखाच्या मुळापासून निघून दोन पंखांना जोडणाऱ्या बाहेरच्या दांड्याच्या वरच्या टोकापर्यंत तिरकी जाते ती फ्लाइंग वायर. ही तुटली तर खेळ खलास, म्हणून एस.ई.५ए वर ती दुहेरी. विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा उलटं. पंख आपल्या वजनाने लोंबायला बघतात, त्यांना वर तोलून धरते ती लँडिंग वायर. ती वरच्या पंखाच्या मधल्या भागातून निघते आणि खालच्या पंखाच्या बाहेरच्या दांड्याच्या बुडाशी जाते. आणि पुढच्या-मागच्या दांड्यांमध्ये फुली मारतात त्या इन्सिडन्स वायर, पंखाचा कोन पिळला जाऊ नये म्हणून. लाकूड आणि कापडाचा तो पंख एकटा काहीच पेलू शकत नाही. दोन पंख, चार दांडे आणि या तारा मिळून तो एक पूल होतो.

विमानतळावर हे काम करणाऱ्या माणसाला रिगर म्हणत. इंजिनवाला फिटर, सांगाडा आणि तारांचा रिगर. तोही वाटेल तिथून सुरुवात करत नसे. आधी मधला भाग सरळ करायचा, मग लँडिंग वायरने पंखांचा वरचा कल ठरवायचा, मग पंखाचा कोन, आणि फ्लाइंग वायर शेवटी. मी नेमकं उलटं केलं होतं. आकृतीवर एक नंबर फ्लाइंग वायरला होता म्हणून मी तिथून सुरू झालो होतो.

दुसरी गोष्ट कळली ती तारेच्या आकाराची. जर्मन विमानांवर बहुतेक गोल केबल आणि तिला ताण द्यायला टर्नबकल, म्हणजे पिळून तार आवळायचा स्क्रू. इंग्लिश विमानांवर चपटी, पानाच्या आकाराची पोलादी पट्टी. ती इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत (आर.ए.एफ.) विकसित झाली, म्हणून तिचं नावच राफवायर. एस.ई.५ए सुद्धा त्याच फॅक्टरीचं अपत्य. गोल तार हवेला फार अडवते, चपटी त्या मानाने कितीतरी कमी. म्हणजे माझ्या मॉडेलवर गोल टर्नबकल बनवत बसायची गरज नव्हती. हे वाचून मला जो आनंद झाला तो पगारवाढीलाही झाला नव्हता.

बारीक दोरा मिळाला जांभळी नाक्यावर, टेलरिंग मटेरियलच्या दुकानात. साडीच्या फॉलला आणि हातशिलाईला एक पारदर्शक नायलॉनचा दोरा वापरतात, काउंटरवर त्याला इन्व्हिजिबल थ्रेड म्हणतात. साधारण ०.१ मिलिमीटर. एका रिळात माझी उरलेली सगळी विमानं बांधून होतील.

“वहिनींनी पाठवलंय का?” दुकानदाराने विचारलं. मी मान डोलावली. सगळ्यांनाच कुठे सांगत बसू.

फेब्रुवारीत पुन्हा बसलो. रविवारी दुपारी, पंखा बंद, खिडकी अर्धी उघडी. या वेळी सगळे दोरे आधी वरच्या पंखाला चिकटवले, ते वाळू दिले आणि मग एकेक दोरा खालच्या पंखाच्या भोकातून आरपार खाली काढला. विमान दोन स्टीलच्या डब्यांवर टेकवलं आणि लोंबणाऱ्या प्रत्येक दोऱ्याला कपडे वाळत घालायचा एक प्लास्टिकचा चिमटा लावला. चिमटे एकाच पाकिटातले, वजन सारखं, म्हणून ताणही सारखा. हाताने खेचताना जी गडबड झाली होती ती इथे होतच नाही. क्रमही बदलला. मधला भाग, मग लँडिंग वायर डावी-उजवी-डावी-उजवी. तबला लावणारा एकाच गठ्ठ्यावर हातोडी मारत बसत नाही, समोरासमोरच्या बाजू घेत जातो, तसं. मग प्रत्येक भोकाला सुईच्या टोकावरून गोंदाचा ठिपका. चिमटे रात्रभर तसेच. बायको म्हणाली, विमानाला सलाइन लावल्यासारखं दिसतंय.

सकाळी चिमटे काढले, पंखाखालची टोकं नव्या ब्लेडने कापली. तारा बऱ्यापैकी सरळ होत्या, पण अगदी ताठ नाहीत. इथे उदबत्ती.

याबद्दल वाचलं होतं, विश्वास नव्हता. नायलॉनला थोडी ऊब मिळाली की तो आकसतो. पेटती उदबत्ती तारेच्या खाली, अर्धा सेंटिमीटर अंतर ठेवून, एका टोकाकडून दुसऱ्याकडे न थांबता न्यायची. पहिल्यांदा केलं तेव्हा मी श्वास रोखला होता. तारेत एक मंद झोळ होता. उदबत्ती मधोमध आली आणि तो झोळ डोळ्यांदेखत गेला. तार नुसती सरळ नाही झाली, खेचल्यासारखी सरळ झाली. दुसऱ्या तारेपाशी मी तो चमत्कार नीट बघायला क्षणभर थांबलो आणि ती तुटली. दोन्ही टोकांना मोहरीपेक्षा लहान गोळी झाली आणि दोरा कुरळा होऊन वर गेला. थांबायचं नाही म्हणजे अजिबात थांबायचं नाही. राख तारेवर पडली तर फुंकायची नाही, मऊ ब्रशने उडवायची. आई दुपारच्या झोपेतून उठून आली, म्हणाली, “कसला वास येतोय? देवापुढे तर मी सकाळीच लावली.” मी टेबलाकडे बोट दाखवलं. त्यानंतर पुड्यातल्या उदबत्त्या ती मोजायला लागली.

शेपटीच्या तारांना एक संध्याकाळ पुरली. चाकांच्या सांगाड्यातली फुली आणि कंट्रोल केबल धरून एकूण तुकडे चाळिशीच्या आसपास गेले. शेवटी राखाडी-चंदेरी रंगात कापसाचा बोळा बुडवून, तो जवळपास कोरडा करून तारांवरून फिरवला, नाहीतर नायलॉन दिव्याखाली मासेमारीच्या दोऱ्यासारखाच चमकतो.

दुपंखी विमानांबद्दलचा एक जुना विनोद आहे. तारा बरोबर लागल्यात का हे बघायला पंखांमध्ये एक पक्षी सोडायचा, तो बाहेर आला तर एखादी तार राहिली म्हणायचं. आमच्याकडे पक्षी नव्हता. डास मात्र आरामात येत-जात होते.

मार्च, एप्रिल, मे मी त्या विमानाकडे येता-जाता बघायचो. मग जुलै आला. एका सकाळी लक्षात आलं की उजव्या बाजूच्या फ्लाइंग वायर लोंबताहेत. कपड्यांच्या दोरीसारख्या. आधी वाटलं गोंद सुटला. नव्हता सुटला. नायलॉन हवेतलं पाणी पितो आणि किंचित लांबतो. किंचित म्हणजे किती? पाच सेंटिमीटरच्या तारेत अर्धा मिलिमीटर वाढ झाली, म्हणजे एक टक्का, तर मध्ये जवळजवळ तीन मिलिमीटरचा झोळ पडतो. कागदावर मांडून बघितलं तेव्हा मलाही खरं वाटेना. लहान तारांना काही झालं नव्हतं, लांब तारांनाच हा रोग. पुन्हा उदबत्ती फिरवली, ताठ झाल्या, आणि पावसाच्या पुढच्या झडीला पुन्हा लोंबल्या.

मग लांब तारांसाठी लवचीक धागा मागवला. मॉडेलवाल्यांमध्ये ईझेड लाइन नावाने प्रसिद्ध आहे, रबरासारखा ताणला जातो. मोजलेल्या लांबीपेक्षा थोडा आखूड कापायचा, एक टोक चिकटवायचं, दुसरं ओढून नेऊन टेकवायचं. हवा कशीही असो, तो ताठच राहतो. पण इथे उदबत्तीची सवय घात करते. उष्णता लागली की हा धागा आकसत बसत नाही, सरळ वितळतो. हे मला कसं कळलं ते सांगायला नको. आठही फ्लाइंग वायर बदलल्या, लँडिंग वायर आणि आतल्या फुल्या नायलॉनच्याच ठेवल्या. जवळून बघितलं तर दोन्हींचा रंग जरा वेगळा दिसतो. कोणी इतकं जवळून बघत नाही, मी सोडून.

गणपतीच्या आधीच्या साफसफाईत कामाच्या मावशींचा फडका त्या फळीवरून गेला. मी स्वयंपाकघरातून ओरडेपर्यंत फडका डाव्या पंखात अडकला होता. लवचीक तार बोटभर ताणली गेली आणि फडका सुटताच जागच्या जागी आली, जणू काही झालंच नाही. तिच्या मागची लँडिंग वायर मात्र गेली. “तुटलं का काय?” मावशींनी विचारलं. म्हटलं, होईल, काही नाही. तुटलेल्या तारेचं वरचं टोक अजून पंखाला लटकतंय. विसर्जनानंतर भोक उकरून नवी घालायची आहे, आणि तोवर आईकडून एक उदबत्ती मागून घ्यायची आहे.