तुम्ही विचारलंत म्हणून: गुरुजींचा शेवटचा हप्ता

‘सगळं फुकट मिळणार हे दिसत असताना लोकांच्या गळ्यात हप्त्यांवर ज्ञानकोश कसे मारलेत?’ लग्नात, गाडीत, कुठेही जुनी ओळख निघाली की हा प्रश्न येतोच. एकदा सांगून टाकतो.

१९९९ साली मी सांगली जिल्ह्यात घरोघर इंग्रजी ज्ञानकोशाचे संच विकायचो. विकिपीडिया तेव्हा नव्हताच. तो आला २००१च्या जानेवारीत, मराठीतला २००३ साली. तालुक्याला इंटरनेट म्हणजे सायबर कॅफे, तासावर पैसे आणि मध्येच तुटणारी लाइन. मला कुठून कळावं?

हे पुरतं खरं नाही. मायक्रोसॉफ्टच्या एन्कार्टा या ज्ञानकोशाची सीडी १९९३पासून निघत होती. मिरजेत एका गिऱ्हाइकाकडे मी ती चालताना पाहिली. चित्रं, आवाज, नकाशे, सगळं एका चकतीत. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी बॅग उचललीच.

त्याच आठवड्यात तासगावच्या एका प्राथमिक शिक्षकांनी सही केली. ‘गुरुजी, केतकरांनीसुद्धा वर्गणीदार जमवूनच ज्ञानकोशाचे २३ खंड काढले,’ एवढं म्हणालो आणि ते विरघळले. मुलगी आठवीत. ३६ हप्ते. एकही चुकवला नाही त्यांनी.

शेवटचा हप्ता घ्यायला गेलो तेव्हा मुलगी अकरावीत होती. कॅफेतून छापून आणलेले कागद पुढ्यात घेऊन निबंध लिहीत होती. वडील आत येताना दिसले तशी तिने कागद वहीखाली सरकवले. कपाटातल्या निम्म्या खंडांवरचं प्लास्टिक तसंच होतं. गुरुजींनी नोटा दोनदा मोजल्या, पावती नीट घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, “साहेब, एवढ्या पैशांत कॉम्प्युटर आला असता का हो?”

“नाही, गुरुजी.”

नवा आला नसता. जुना आला असता, आणि सांगलीत कुठे मिळतो तेही मला माहीत होतं.

तेव्हाचा मी अजून माझ्याशी भांडतो. म्हणतो, लेख लिहिणारे, तपासणारे, नकाशे काढणारे, सगळे या हप्त्यांवरच जगत होते. ते खरंच आहे. ब्रिटानिकाने २०१२ साली छापील संच थांबवले, २४४ वर्षांनी. आज मराठी विश्वकोश नेटवर फुकट वाचता येतो, पण त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. पैसे कुणीतरी भरतंच, असं तो ठासून सांगतो.

मी त्याला विचारतो, ते तासगावच्या गुरुजींनीच का भरायचे? तो गप्प होतो. थोड्या वेळाने पुन्हा केतकरांचं नाव काढतो.